परराज्यातलं भाड्याचं घर: आधी हिशेब, मग घर

बे एरियातल्या किमती पाहून गुंतवणुकीसाठी इथे दुसरं घर घेण्याचा विचार आपल्यापैकी बहुतेक जण सोडून देतात. मग एखाद्या पार्टीत कुणीतरी सांगतं, "अहो, टेक्सासला अडीच लाखांत घर मिळतं, भाडं अठराशे!" आणि आपलं मन तिकडे धावतं. जमिनीत घातलेला पैसा बुडत नाही, हे ऐकतच आपण मोठे झालो. पण दोन हजार मैलांवरच्या घरात बुडू शकतो तो मुलांच्या कॉलेजसाठी साठवलेला पैसा. म्हणून घर निवडण्याचे काही निकष.

खरा हिशेब मांडा

हे ढोबळ उदाहरण पाहा. घर २,५०,००० डॉलरचं, २५ टक्के डाउन पेमेंट आणि उरलेल्या रकमेवर ७ टक्क्यांनी तीस वर्षांचं कर्ज. हप्ता साधारण १,२४७ डॉलर. भाडं १,८००, म्हणजे महिन्याला साडेपाचशे सुटले, असं वाटतं. आता बाकीचे खर्च धरा: प्रॉपर्टी टॅक्स २.२ टक्क्यांनी ४५८, विमा २००, मॅनेजरचे दहा टक्के १८०, दुरुस्तीसाठी १८० आणि वर्षातून एक महिना घर रिकामं राहील म्हणून १५०. एकूण २,४१५. म्हणजे दरमहा ६१५ डॉलर पदरचे!

विकणाऱ्याचा टॅक्स तुमचा नसतो

कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं. आपल्याला त्याची सवय असते. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण प्रॉपर्टी टॅक्स भरपूर आहे. तिथे स्वतः राहणाऱ्या मालकाला होमस्टेड सवलत मिळते आणि करपात्र मूल्याच्या वाढीवर १० टक्क्यांची मर्यादाही असते. तुम्ही भाडेकरू ठेवणार, म्हणून ही सवलत तुम्हाला नाही. जाहिरातीतलं जुनं बिल पाहून हिशेब केलात, तर पुढचं बिल दचकवेल. इंडियानात राज्यघटनेनेच मर्यादा घातली आहे: स्वतःच्या राहत्या घराला मूल्याच्या १ टक्का, भाड्याच्या घराला २ टक्के. आणि टेक्सासमधल्या भाड्यावर टेक्सासचा कर नसला, तरी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला ते उत्पन्न इथे दाखवावंच लागतं.

जमीन, पाणी आणि वय

डॅलस आणि सॅन अँटोनिओच्या बऱ्याच भागात चिकणमाती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो. त्यामुळे नेहमीच्या इन्स्पेक्शनबरोबर पाया तपासणारा इंजिनिअरही हवा. क्लीव्हलँडसारख्या शहरात किमतीच्या मानाने भाडं चांगलं मिळतं, पण बरीच घरं जुनी आहेत. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, आणि जमिनीखालचा सांडपाण्याचा पाइप कॅमेऱ्याने तपासून घ्यावाच. पुराचा सरकारी नकाशा बघा, पण त्यावरच विसंबू नका. २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनला नकाशातल्या पूरक्षेत्राबाहेरचीही असंख्य घरं पाण्यात गेली. विम्याचा आकडा ऑफर देण्यापूर्वी मागवा. एचओए असेल, तर घर भाड्याने द्यायची परवानगी आहे का, हे लेखी घ्या.

घराआधी माणूस

लांबच्या घराचे डोळे म्हणजे प्रॉपर्टी मॅनेजर. घर पसंत करण्याआधी दोन-तीन मॅनेजरांशी बोला. नवा भाडेकरू आणण्याचे वेगळे पैसे किती? दुरुस्तीच्या बिलावर वरकमाई घेता का? किती रकमेपर्यंत न विचारता खर्च करता? त्यांच्याकडच्या एक-दोन घरमालकांनाही फोन करा. आणि विचारा, "हे घर तुम्ही स्वतः घ्याल का?" नळ फुटल्याचा फोन कुणाला जातो, यावर तुमची झोप ठरते.

पगार आणि कर

कागदावरचा तोटा दाखवून टॅक्स वाचेल, या भरवशावर राहू नका. दोघांच्या नोकऱ्या असलेल्या घरात उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल, तर हा तोटा सहसा पगारातून वजा होत नाही. तो पुढच्या वर्षांसाठी राहतो. आपल्या सीपीएला आधीच विचारा.

शेवटची कसोटी म्हणजे घर सहा महिने रिकामं राहिलं आणि त्याच काळात नोकरी गेली, तर हप्ता भरता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर यंदा थांबा. आणि हा हिशेब मुलांनाही दाखवा. पुढे हे घर सांभाळायचं की विकायचं, हे बहुधा त्यांनाच ठरवावं लागेल. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. यंदा त्या वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी बसून ही बेरीज-वजाबाकी लिहावी.