रानात सोडलेले परत येत नाही

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, आणि मगच घरात वांगे शिजवायचे, ही आपल्याकडच्या कितीतरी घरांची रीत. कराडजवळच्या पालच्या खंडोबापासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या वांग्याची चव वेगळी सांगायला नको. पातळ सालीचे, कमी बियांचे वांगे, त्यात शेंगदाण्याचे कूट भरून केलेली भाजी आणि भाकरी. पाहुणा उठताना बोटे चाटतोच!

या वांग्याचे बी पूर्वी घरातली म्हातारी माणसे राखत. चांगल्या झाडावरचे एक फळ पिवळे होईपर्यंत ठेवायचे, बी धुऊन राखेत घोळायचे आणि सावलीत वाळवून मडक्यात भरायचे. आज याच बियाण्याची एक गोष्ट वाचकांना सांगायची आहे.

संकरित वेगळे, जनुक बदललेले वेगळे

पुष्कळांना वाटते, संकरित बियाणे आणि बीटी बियाणे एकच. तसे नाही. संकरित वाण म्हणजे वांग्याचा वांग्याशी संकर. बीटीमध्ये मातीतल्या एका जिवाणूचा जनुक, म्हणजे गुण ठरवणारा सूक्ष्म घटक, पिकात घातलेला असतो. त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक असे प्रथिन तयार करते.

जालन्याच्या महिको कंपनीने असे बीटी वांगे तयार केले. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीपासून सुटका, हा त्याचा हेतू. वांग्यावर किती फवारण्या कराव्या लागतात हे ठाऊक असलेल्याला तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. 14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. पण देशभर वाद उठला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचे म्हणणे ऐकले आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी या वांग्याला स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही.

मधमाशीला बांध कळत नाही

भीती कसली होती? वांगे हे मूळ आपल्याच भागातले पीक. गावोगाव त्याच्या जाती वेगळ्या, बांधावर रानवांगीही उगवतात. वांग्याच्या फुलात बहुतेक फळधारणा आपल्याच परागाने होते, पण मधमाश्या आणि भुंगे शेजारच्या रानातला परागही आणतात. तुमचा बांध कुठे संपतो हे मधमाशीला कसे कळणार? शेजाऱ्याच्या रानातला जनुक तुमच्या राखलेल्या बियाण्यात शिरला, तर डोळ्याला दिसणार नाही. रानवांग्यात गेला, तर तो काढून घेणार कोण?

कपाशीने शिकवलेला धडा

आपल्या सातारा-सांगलीत कपाशी फार नाही, म्हणून विदर्भाची हकीगत नीट ऐकली पाहिजे. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, शेतकरी खूश झाला. पण शिवारभर तेच विष वर्षानुवर्षे उभे राहिले, तशा ते पचवणाऱ्या अळ्या वाचल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली. बियाण्याच्या पिशवीबरोबर बिगर बीटी बियाण्याची लहान पुडी मिळे. कडेने ती लावायची, म्हणजे साध्या अळ्याही जगतात आणि विष पचवणाऱ्यांचा जोर वाढत नाही. पुष्कळांनी ती पुडी लावलीच नाही. फरदडीमुळे अळीला हंगामानंतरही खायला मिळाले. 2010 साली गुजरातेत शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. 2006 साली दोन जनुकांचे बियाणे आले होते, तेही पुढे तिला अडवू शकले नाही. 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडली की आत अळी निघे. खर्च गेला, फवारण्या परत आल्या.

चिलापी माशाची साक्ष

जनावरांचे काय, असे कोणी विचारील. आपल्या नदीतली चिलापी आठवा. ती जनुक बदललेली नव्हे. 1952 साली परदेशातून देशात आणलेला तो मासा. आज कृष्णा-भीमेच्या पाण्यात तो ठाण मांडून बसला आहे, त्याला परत पाठवता येत नाही. ब्राझीलमध्ये तर जनुक बदलून चमकणारे केलेले शोभेचे मासे मत्स्यशेतीतून निसटले. ते ओढ्यांत वाढून पिले घालत असल्याचे संशोधकांनी 2022 साली नोंदवले. कारखान्यातले यंत्र बिघडले तर बंद करता येते. सजीव मात्र आपला वंश आपणच वाढवतो. म्हणूनच सोडण्याआधी दहा वेळा विचार करायचा.

घरात काय करावे?

नव्या शास्त्राला पाठ दाखवा असे आमचे म्हणणे नाही. पण बियाणे घेताना विचारा: याला सरकारची परवानगी आहे का? शेजारच्या पिकावर काय परिणाम होईल? अळीने दाद दिली नाही तर पुढे काय?

बिनपावतीची, बिननावाची पुडी कोणी कितीही गोड बोलून दिली तरी घेऊ नका. पीक बुडाले तर दाद मागायला कागद उरत नाही. पोखरलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, मग फवारणीचा विचार करा.

आणि माउल्यांनो, परसातल्या उत्तम झाडाच्या चार कळ्यांवर उमलण्यापूर्वीच पातळ कापडाची पिशवी बांधा. फळ धरले की पिशवी काढून खुणेचा दोरा बांधा. आत परका पराग गेलेला नसतो, त्यामुळे त्या फळाचे बी निर्मळ राहते. पुढच्या चंपाषष्ठीचे भरीत आपल्याच बियाण्याचे होईल.