एका 'अ'ची किंमत

महोत्सवाच्या स्मरणिकेत इंग्रजी व्याकरण कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. एका देणगीदार गृहस्थांस आम्ही इंग्रजीत आभाराचे पत्र लिहिले. 'आपल्या देणगीतून काही पुस्तके घेतली' असे सांगायचे होते; लिहिले मात्र 'फ्यू बुक्स'. उलट टपाली त्यांनी विचारले, 'मग बाकीच्या पैशांचे काय झाले?' एक 'अ' गळाला आणि आमच्या हिशेबावर संशय आला!

'अ फ्यू' म्हणजे थोडीफार, पण आहेत. नुसते 'फ्यू' म्हणजे थोडीच, जवळजवळ नाहीतच. मोजता येणाऱ्या वस्तूंना हे शब्द लागतात. न मोजता येणाऱ्या वस्तूंना 'अ लिटल' व 'लिटल' लावावे. आपल्या जाम नदीत 'अ लिटल वॉटर' असेल तर गुरे पाण्यावर न्यावीत. 'लिटल वॉटर' असेल तर विहिरीचीच वाट धरावी. बागेत 'अ फ्यू' संत्री उरली असतील तर पाहुण्यांपुढे ठेवता येतील. 'फ्यू' उरली असतील तर बाग संपलीच म्हणायची.

हा भेद आपल्याला परका नाही. मराठीत 'थोडेसे' आणि 'थोडेच' यांत तोच फरक आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपला पांढुर्णा-सौंसरचा भाग मध्यप्रदेशातच राहिला. त्यामुळे आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात. हिंदीतही 'थोडा-सा' आणि 'थोडा ही' आहेतच. आपण शब्दाला मागून शेपूट जोडतो, इंग्रज पुढे 'अ' लावतो, एवढेच. 'च' मनात आला की 'अ' गाळावा, 'सा' आला की 'अ' लावावा, असे मुलांस सांगितले तर पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होईल.

दुसरी जोडी 'ईच' आणि 'एव्हरी' यांची. 'ईच' एकेकाकडे वेगळे पाहतो. 'एव्हरी' सर्वांना एकत्र धरतो आणि त्याला निदान तीन तरी लागतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जामच्या अलीकडे सावरगाव, पलीकडे पांढुर्णा उभे असते. काठ दोनच; म्हणून 'ईच बँक' म्हणावे, 'एव्हरी बँक' म्हणू नये. गावातील घरे मात्र पुष्कळ. तेथे 'एव्हरी हाउस' शोभेल. शिवाय 'ईच' एकटा उभा राहू शकतो, 'एव्हरी'ला पुढे नाम लागतेच.

आपली मुले आज शिष्यवृत्तीचे व नोकरीचे अर्ज इंग्रजीतून लिहितात. वाचणारा त्यांना ओळखत नसतो, तो फक्त कागद पाहतो. 'मला थोडा अनुभव आहे' असे म्हणू पाहणाऱ्या मुलाने 'लिटल एक्स्पीरियन्स' लिहिले, तर त्याने आपल्याच हाताने आपली उणीव कळविली असे होते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलाचा अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून घ्यावा, आणि तेवढा 'अ' जागेवर आहे ना, ते पाहावे.