समजून घ्या : तुमचा निर्णय कोण घेतंय, सरकार की अ‍ॅप?

विमानाचं तिकीट बुक करताना प्रवास विम्याच्या चौकटीत आधीच टिक केलेली असते. ती काढायला गेलात की ‘मी असुरक्षितच राहीन’ असं बटण समोर येतं. अनेक जण गोंधळतात आणि विमा राहू देतात. पैसे मात्र आपले जातात.

‘नज’ म्हणजे काय?
सक्ती न करता, फक्त पर्यायांची मांडणी बदलून माणसाला एका बाजूला वळवणं म्हणजे ‘नज’. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या २००८ मधील पुस्तकामुळे हा शब्द रूढ झाला. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सरकार काय करतं?
भारतात १ एप्रिल २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो. विक्रीला बंदी नाही, पण इशारा टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून नोकरदारांना आपोआप पेन्शन योजनेत घेतलं जाऊ लागलं. नको असेल त्याला बाहेर पडता येतं.

कंपन्या काय करतात?
तंत्र तेच, फायदा मात्र कंपनीचा. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, ‘शेवटची संधी’ अशी खोटी घाई करणं, सबस्क्रिप्शन रद्द करण्याची वाट अवघड करणं. अशा १३ ‘डार्क पॅटर्न’ना केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई केली आहे.

मग सरकारवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा?
तसंही नाही. अ‍ॅप आवडलं नाही तर काढून टाकता येतं, सरकारच्या बाबतीत निवडणुकीची वाट पाहावी लागते. शिवाय पाकिटावर इशारा छापायला लावणाऱ्या सरकारलाच तंबाखूवरच्या करातून महसूल मिळतो. हेतू चांगला असल्याचं दोघंही सांगतात. म्हणून कसोटी दोघांना एकच हवी.

ओळखायचं कसं?
थेलर यांनी तीन निकष सांगितले आहेत :
- जे केलं जातंय ते उघडपणे दिसतं का?
- ‘नको’ म्हणणं सोपं आहे का, शक्यतो एका क्लिकवर?
- त्यात तुमचं भलं आहे, असं मानायला ठोस कारण आहे का?

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढे जाण्याआधी थांबा. कंपनीने फसवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. सरकारी योजनेबाबत शंका असेल, तर माहिती अधिकारात अर्ज करून थेट विचारता येतं.