आठवड्याचा वर्ग आणि तीनशे कोटी अक्षरे

या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी विज्ञानातील एखादा विषय सोप्या मराठीत मांडावा, अशी शाळेच्या चालकांची इच्छा होती. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य शिकविण्यात गेले. म्हणून मीही शिकण्या-शिकविण्याचाच विषय घेतला आहे. जीवशास्त्राच्या उच्च पदव्या मिळविलेली, प्रयोगशाळेत दहा-पंधरा वर्षे काम केलेली माणसे आज पुन्हा बाकावर बसू लागली आहेत. वर्ग तीन दिवसांचा, आठवड्याचा, फार तर पंधरवड्याचा असतो. विषय असतो जैवमाहितीशास्त्र, म्हणजे जनुकीय माहितीचे संगणकाच्या साहाय्याने विश्लेषण. अशा वर्गांत मी आधी विद्यार्थी म्हणून बसलो आणि पुढे शिकविलेही. त्यांची गरज का पडावी आणि इतक्या थोड्या दिवसांत काय साधते, हे येथे सांगावयाचे आहे.

अल्पमुदतीचे वर्ग विज्ञानाला नवे नाहीत. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९४५ साली मॅक्स डेलब्रुक यांनी जिवाणुभक्षक विषाणूंवर एक उन्हाळी वर्ग सुरू केला. तो दोन तपांहून अधिक काळ चालला आणि रेणवीय जीवशास्त्राची पहिली पिढी बऱ्याच अंशी त्यातून घडली. विद्यापीठांचे अभ्यासक्रम बदलण्यास वर्षे लागतात. नवी विद्या तोवर थांबत नाही. ही दरी असे वर्ग भरून काढतात. आपल्या देशातही पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले.

आज ही दरी विशेष रुंद झाली आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. ती प्रथम वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू होऊन २००३ साली पूर्ण झाला. आता एकच यंत्र दोन दिवसांत कित्येक माणसांचे जनुकसंच वाचून देते. भारतातही २०२० साली सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार जनुकसंच वाचण्याचा संकल्प केला, आणि त्यातील माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. वाचन असे स्वस्त झाले, पण अर्थ लावणे स्वस्त झालेले नाही.

हे यंत्र ग्रंथ सलग वाचीत नाही. सर्वसाधारणपणे दीडशे अक्षरांचे तुकडे ते वाचते आणि अशा कोट्यवधी तुकड्यांचा ढीग आपल्यापुढे टाकते. तुकडे निवडून घेणे, प्रमाण जनुकसंचाशी ताडून ते जागी बसविणे, कोठे अक्षर बदलले आहे ते शोधणे आणि तो बदल खरा की यंत्राची चूक हे ठरविणे, हे सारे संगणकावर करावे लागते. वर्गातील दिवसांची वाटणीही साधारण याच क्रमाने होते. पहिला दिवस मात्र काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्यात जातो. सूक्ष्मदर्शकावर बसलेला हात तेथे प्रथम अडखळतो. दुपारपर्यंत तो सरावतो.

आज्ञा पाठ होणे ही या वर्गाची खरी कमाई नव्हे. हाती आलेल्या आकड्यावर लगेच विश्वास न ठेवण्याची सवय, ही खरी कमाई. तीन उदाहरणे देतो.

पहिले अगदी घरगुती आहे. काही जनुकांची नावे 'सेप्ट२', 'मार्च१' अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ती टंकली की तो त्यांना तारखा समजून बदलून टाकी. २०१६ साली झालेल्या पाहणीत असे आढळले की, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे पंचमांश निबंधांत ही चूक शिरली होती. अखेर २०२० साली जनुकांचीच नावे बदलावी लागली.

दुसरे संख्याशास्त्राचे आहे. निव्वळ योगायोगाने चुकण्याची शक्यता विसात एक असेल, तर निष्कर्ष ग्राह्य मानावा, असा प्रघात आहे. एका प्रश्नासाठी तो चालेल. पण जनुकसंचातील पाच लाख स्थाने एकाच वेळी तपासली, तर रोगाशी कशाचाही संबंध नसतानाही सुमारे पंचवीस हजार स्थाने 'दोषी' ठरतील. म्हणून अशा शोधात कसोटी कित्येक पटींनी कडक करावी लागते.

तिसऱ्यात माणसाचे आयुष्य गुंतलेले आहे. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक विकाराबाबत २०१६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही कृष्णवर्णीय व्यक्तींना तुमच्यात रोगकारक बदल आहे, असे कळविण्यात आले होते. प्रत्यक्षात ते बदल त्यांच्या समाजात सर्रास आढळणारे व निरुपद्रवी होते. तुलनेसाठी घेतलेल्या गटांत कृष्णवर्णीय माणसेच पुरेशी नव्हती, म्हणून ते दुर्मीळ वाटले होते.

हा धोका आपल्याला अधिक आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच विवाह होत आल्याने आपल्याकडील समाजांची जनुकीय ठेवण वेगवेगळी आहे. येथल्या तेलुगू प्रदेशातील वैश्य समाजात एका विशिष्ट विकराची उणीव इतरांहून बरीच अधिक आढळते. अशा व्यक्तीला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारे एक नेहमीचे औषध दिले, तर स्नायूंचा लुळेपणा लवकर उतरत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट आधी ठाऊक असणे किती मोलाचे! युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले कोष्टक हे सांगणार नाही. त्यासाठी येथली माहिती येथल्याच माणसांना वाचता आली पाहिजे.

आठवड्याच्या वर्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वर्गातील उदाहरणे घासूनपुसून ठेवलेली असतात. घरची माहिती तशी नसते. परतल्यावर महिनाभरात काम हाती घेतले नाही, तर शिकलेले विरून जाते. म्हणून चांगल्या वर्गात शिकणाऱ्याला स्वतःची माहिती घेऊन येण्यास सांगतात आणि शेवटचा दिवस तिच्यावरच घालवितात. संख्याशास्त्राचा पाया मात्र आठवड्यात घालता येत नाही. तो आधीच असावा लागतो, आणि पुष्कळांपाशी तो नसतो.

याचे मूळ शाळेच्या उंबरठ्यावरच आहे. दहावीनंतर आपल्या हैदराबादेत मुले एमपीसी आणि बायपीसी अशा दोन वाटांनी जातात. गणित एकीकडे, जीवशास्त्र दुसरीकडे. डॉक्टर होऊ इच्छिणारी मुलगी सोळाव्या वर्षी गणिताचा निरोप घेते आणि पस्तिसाव्या वर्षी एखाद्या वर्गात त्याला पुन्हा शोधू लागते. शासनाची विभागणी शाळा बदलू शकत नाही. पण नववी-दहावीच्या मुलांना शंभर वेळा नाणे उडवून निकाल मांडावयास लावणे, वाटाण्याच्या बियांची मोजदाद करून मेंडेलचे प्रमाण ताडून पाहावयास सांगणे, हे शाळेच्या हाती आहे. जीवशास्त्राच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी वर्षातून चार तास एकत्र घेतले, तरी प्रारंभ होईल. त्या चार तासांची मागणी मी या निमित्ताने शाळेच्या चालकांपुढे ठेवीत आहे.