घरगुती थ्रीडी प्रिंटर

घरगुती थ्रीडी प्रिंटर (अन्य नावे : त्रिमितीय मुद्रक, त्रिमितीय छपाईयंत्र) हे संगणकावर तयार केलेल्या आराखड्यानुसार प्लॅस्टिकची वस्तू थरावर थर देऊन घडवणारे, टेबलावर मावणारे यंत्र आहे. मिक्सरची तुटलेली कळ, शाळेच्या प्रयोगासाठी लागणारे दंतचक्र, यंत्राच्या भागाचा नमुना अशा लहान वस्तू त्यावर तयार करता येतात. हे यंत्र सुट्या भागांतून घरी जुळवता येते. ते स्वस्त पडते की महाग, हे खरेदीच्या किमतीपेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते : त्याचे भाग प्रमाणित मापाचे आणि सहज मिळणारे आहेत का, आणि वापरणाऱ्यास त्याची दुरुस्ती स्वतः करता येते का.

कार्यपद्धती

छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांत प्लॅस्टिकचा तंतू वितळवून त्याचे थर दिले जातात. या तंतूस फिलामेंट म्हणतात. त्याचा प्रचलित व्यास १.७५ मिमी असून तो रिळावर गुंडाळलेला असतो. एक्स्ट्रुडरमधील दातेरी चाक तंतू पुढे ढकलते, तापलेल्या भागात तो वितळतो आणि पितळी नोझलच्या साधारण ०.४ मिमी व्यासाच्या छिद्रातून बाहेर पडतो. नोझल डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे व वर-खाली अशा तीन दिशांनी वस्तूच्या सापेक्ष सरकते. थराची उंची ०.२ मिमी ठेवल्यास २० मिमी उंचीच्या वस्तूस १०० थर लागतात.

वस्तूचा आराखडा फ्रीकॅड, टिंकरकॅड किंवा ओपनएससीएडी यांसारख्या विनामूल्य प्रणालींत काढता येतो. क्युरा, प्रुसास्लायसर अशा स्लायसर प्रणाली त्या आराखड्याचे आडवे काप करून यंत्रास समजणाऱ्या आज्ञा तयार करतात. या आज्ञांस जी-कोड म्हणतात.

जळगावच्या पाइप कारखान्यांत प्लॅस्टिकचा दाणा वितळवून साच्याच्या तोंडातून सलग बाहेर ढकलला जातो. थ्रीडी प्रिंटरचे तत्त्व तेच आहे. कारखान्यात तोंड स्थिर असते आणि एकाच आकाराची नळी अखंड निघते. प्रिंटरमध्ये तोंडच हलते, त्यामुळे दर वेळी वेगळा आकार घडवता येतो. फिलामेंट स्वतःही पाइपप्रमाणे एक्स्ट्रुजन पद्धतीनेच बनते.

इतिहास

थरांनी वस्तू घडवण्याच्या आरंभीच्या पद्धतींत प्रकाशाने घट्ट होणारे द्रवरूप रेझिन वापरले जाई. जपानमधील हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये अशा पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले, तर अमेरिकेतील चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये स्टिरिओलिथोग्राफीचे पेटंट मिळाले. तंतू वितळवून थर देण्याची पद्धत अमेरिकी अभियंता एस. स्कॉट क्रम्प यांनी विकसित केली. त्यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९९२ मध्ये ते मंजूर झाले. त्या काळात ही यंत्रे मोठ्या कंपन्यांनाच परवडत.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप प्रकल्प सुरू केला. स्वतःचे काही भाग स्वतःच छापू शकेल असे यंत्र बनवणे आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला करणे हा त्याचा हेतू होता. प्रथम ‘डार्विन’ आणि २००९ मध्ये ‘मेंडेल’ ही त्याची प्रारूपे आली. २००९ मध्येच क्रम्प यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि लहान उत्पादकांना मार्ग मोकळा झाला. चेक प्रजासत्ताकातील योसेफ प्रुसा यांनी मेंडेलची रचना सोपी केली. त्यांच्या ‘आय-३’ या २०१२ मधील प्रारूपावरून अनेक स्वस्त यंत्रे तयार झाली. २०१८ मध्ये बाजारात आलेला क्रिएलिटी कंपनीचा ‘एंडर-३’ हा अर्धवट जुळवलेल्या स्वरूपात मिळणारा प्रिंटर हौशी लोकांत लोकप्रिय झाला.

महाराष्ट्रात व खानदेशात

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब सुरू झाली. त्या संस्थेबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. संगणकनियंत्रित यंत्रे ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा हा प्रयोग होता.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमार्फत २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी अनुदान दिले जाते. इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या प्रयोगशाळांच्या साहित्यात थ्रीडी प्रिंटरचा समावेश असतो. यंत्र मिळाले, तरी नोझल बदलणारे व बेड समतल करणारे कोणी नसल्यास पहिल्याच बिघाडानंतर ते बंद पडण्याची शक्यता असते. म्हणून देखभालीचे शिक्षण यंत्राइतकेच महत्त्वाचे ठरते.

जळगाव शहर प्लॅस्टिक पाइप, ठिबक सिंचनाचे साहित्य व प्लॅस्टिक चटया यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे वितळलेले प्लॅस्टिक, तापमानाचे नियंत्रण आणि साचा या गोष्टींची जाण असलेला कामगारवर्ग तेथे आहे. जळगाव व धुळे येथील आयटीआय, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून फिटर, टर्नर, वीजतंत्री यांची कौशल्ये शिकवली जातात; प्रिंटरच्या जुळणीस व दुरुस्तीस तीच उपयोगी पडतात.

मुख्य भाग

सांगाडा : ॲल्युमिनियमच्या खाचदार पट्ट्यांचा, लोखंडी पत्र्याचा किंवा जाड प्लायवुडचा असतो. तो काटकोनात व घट्ट असणे आवश्यक आहे. सांगाडा डुगडुगल्यास वस्तूच्या बाजूंवर लाटा दिसतात.

मोटारी : नेमा-१७ मापाच्या स्टेपर मोटारी वापरतात. अशी मोटार एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते.

पट्टा व स्क्रू : आडव्या हालचालीसाठी २ मिमी अंतराच्या दात्यांचा जीटी-२ पट्टा आणि उभ्या हालचालीसाठी आट्यांचा लीड स्क्रू असतो.

हॉटएंड : यात नोझल, तापक, तापमान मोजणारा थर्मिस्टर आणि वरचा भाग थंड ठेवणारा पंखा असतो.

बेड : वस्तू ज्यावर घडते तो तापणारा सपाट भाग. त्यावर काच किंवा लवचिक पोलादी पत्रा ठेवतात.

नियंत्रक : आर्डुइनो मेगा व रॅम्प्स ही जुनी, स्वस्त जोडी आहे, आता एकाच पाटीवरील नियंत्रकही मिळतात. त्यांवर मार्लिन हे मुक्त फर्मवेअर चालते.

वीजपुरवठा : १२ किंवा २४ व्होल्टचा एसएमपीएस.

यांपैकी बऱ्याच वस्तू जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकतात. एसएमपीएस एलईडी फलक बनवणाऱ्यांकडे, बेअरिंग व नट-बोल्ट यंत्रसामग्रीच्या दुकानात, मापात कापलेली काच फ्रेमवाल्याकडे आणि गुळगुळीत दांडे टर्नरकडे मिळतात. जुन्या कागदी प्रिंटरमधील पोलादी दांडे व काही मोटारीही उपयोगी पडतात. नियंत्रक, हॉटएंड व पट्टे मात्र सहसा बाहेरून मागवावे लागतात. प्रत्येक भाग नवा घेतल्यास एकूण खर्च तयार संचापेक्षा अधिक होऊ शकतो. जुने भाग हाताशी असतील किंवा शिकणे हा हेतू असेल, तेव्हा सुट्या भागांतून बांधणी किफायतशीर ठरते.

जुळणी व अंशांकन

प्रथम सांगाडा गुण्याने तपासून घट्ट करतात. त्यानंतर मोटारी, पट्टे, बेड, हॉटएंड आणि शेवटी विद्युत जोडणी हा क्रम सोयीचा असतो. काही एसएमपीएसवर ११५ व २३० व्होल्टची कळ असते. भारतात वीज जोडण्यापूर्वी ती २३० वर असल्याची खात्री करावी लागते.

फर्मवेअरमध्ये प्रत्येक अक्षासाठी एक मिलिमीटर सरकण्यास किती सूक्ष्म पायऱ्या लागतात हा आकडा भरतात. २० दात्यांच्या पुलीवर २ मिमी अंतराचा पट्टा असल्यास एका फेऱ्यात ४० मिमी अंतर सरकते. मोटारीच्या २०० पायऱ्यांचे प्रत्येकी १६ भाग केल्यास ३,२०० सूक्ष्म पायऱ्या होतात. म्हणून ३,२०० भागिले ४०, म्हणजे प्रति मिमी ८० हा आकडा येतो. एका फेऱ्यात ८ मिमी सरकणाऱ्या लीड स्क्रूसाठी तो ४०० होतो.

एक्स्ट्रुडरचा आकडा प्रत्यक्ष मोजून ठरवतात. तंतूवर १२० मिमी अंतरावर खूण करून यंत्रास १०० मिमी तंतू ओढण्याची आज्ञा देतात. खूण २५ मिमीवर राहिली, तर प्रत्यक्षात ९५ मिमीच ओढला गेला. अशा वेळी जुन्या आकड्यास १०० ने गुणून ९५ ने भागतात.

बेड समतल करताना नोझल व बेड तापवून दोहोंमध्ये साधा कागद सरकवतात. चारही कोपऱ्यांत कागद किंचित अडखळत सरकला की अंतर योग्य आहे असे समजतात. पहिला थर नीट चिकटणे ही पुढील सर्व छपाईची पूर्वअट आहे.

चालवण्याचा खर्च

पीएलए या प्रचलित प्लॅस्टिकची घनता प्रति घन सेंमी सुमारे १.२४ ग्रॅम आहे. त्यानुसार १.७५ मिमी व्यासाच्या एक किलो तंतूची लांबी सुमारे ३३५ मीटर भरते. किलोचा भाव १,००० रुपये धरल्यास एक ग्रॅम एक रुपयास पडतो आणि २० ग्रॅमच्या कळीस २० रुपयांचे प्लॅस्टिक लागते. यंत्राचा सरासरी वीजवापर १२० वॅट धरल्यास आठ तासांच्या छपाईस सुमारे एक युनिट वीज लागते. फसलेल्या छपाईत मात्र प्लॅस्टिक, वीज व वेळ तिन्ही वाया जातात. देखभाल करण्यामागे हेच आर्थिक कारण आहे.

हवामानाचा परिणाम

खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पीएलए सुमारे ६० अंशांस मऊ होऊ लागते. त्यामुळे उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली पीएलएची वस्तू वाकू शकते. अशा वापरासाठी सुमारे ८० अंशांपर्यंत टिकणारे पीईटीजी किंवा १०० अंशांपुढे टिकणारे एबीएस निवडतात. खोलीच फार तापलेली असेल, तर हॉटएंडचा वरचा भाग पुरेसा थंड राहत नाही. तंतू वेळेआधी मऊ होऊन अडकतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटेची छपाई सोयीची ठरते.

पाण्यावर चालणारा कूलर खोली थंड करतो, पण त्याची दमट हवा तंतूत ओलावा भरते आणि तिच्या झोतामुळे वस्तूचे कोपरे उचलले जातात. यंत्र कूलरच्या झोतात ठेवू नये. पावसाळ्यातही हाच ओलाव्याचा त्रास होतो. ओला तंतू नोझलमध्ये तडतडतो आणि वस्तूवर बारीक धागे सुटतात. उरलेले रीळ सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात. ओले झालेले पीएलए ४५ ते ५० अंशांवर चार ते सहा तास सुकवतात. हिवाळ्याच्या थंड रात्री बेडवरील पकड सैल होते. त्यावर यंत्राभोवती आडोसा करणे हा साधा उपाय आहे.

वीज गेल्यास काही यंत्रे थांबलेल्या थरापासून पुन्हा सुरू होतात. परंतु दरम्यान बेड थंड होऊन वस्तू सुटू शकते. बेड तापताना यंत्रास ३०० वॅटपर्यंत वीज लागू शकते, म्हणून लहान यूपीएसवर ते फार वेळ चालत नाही.

देखभाल

प्रत्येक छपाईपूर्वी बेड पुसावा. बोटांच्या तेलकटपणाने पकड जाते. काच भांड्यांच्या साबणाने धुतल्यास ती परत येते.

दर आठवड्यास पट्ट्यांचा ताण, पंखे आणि एक्स्ट्रुडरच्या दात्यांत अडकलेला भुगा पाहावा. धूळ रोखण्यासाठी तंतूच्या वाटेवर स्पंजचा तुकडा लावतात.

दर महिन्यास गुळगुळीत दांडे पुसून त्यांवर शिलाई यंत्राच्या तेलाचे थेंब व लीड स्क्रूवर थोडे ग्रीस द्यावे. खाचदार पट्टीवर धावणाऱ्या प्लॅस्टिकच्या चाकांस तेल देऊ नये.

दर तीन-चार महिन्यांनी सर्व स्क्रू, वीजजोड व नोझल तपासावे. छिद्र झिजून रुंदावल्यास पितळी नोझल बदलावे. नोझल तापलेले असतानाच काढतात व घट्ट करतात.

नोझल, थर्मिस्टर, तापक, पंखा व पट्टा यांचा प्रत्येकी एक नग जवळ ठेवल्यास यंत्र दीर्घकाळ बंद राहत नाही. छापून घेता येणारे भाग यंत्र चालू असतानाच छापून ठेवावेत.

सुरक्षितता

नोझलचे तापमान २०० अंशांहून अधिक असते व एसएमपीएसच्या पट्टीवर २३० व्होल्ट वीज असते. तेथे झाकण व अर्थिंग आवश्यक आहे. बेडच्या तारांची टोके सोल्डरने न भरता फेरूल लावून आवळतात, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू बसते, जोड सैल होतो व तापतो. थर्मिस्टर निसटल्यास तापक अनियंत्रित तापून आग लागू शकते. म्हणून मार्लिनमधील अतितापमान-संरक्षण चालू असल्याचे प्रथमच तपासावे. चालू यंत्र एकटे सोडू नये. एबीएस वितळताना त्रासदायक वाफा निघतात, त्यामुळे खोली हवेशीर असावी.

मर्यादा

थरांच्या सांध्यावर वस्तू तुलनेने कमकुवत असते. थरांच्या फटी नीट धुता येत नसल्याने अन्न ठेवण्याच्या भांड्यांसाठी या वस्तू योग्य नाहीत. हजारो एकसारखे नग हवे असल्यास साच्याचे उत्पादनच स्वस्त पडते. एक-दोन नग, दुरुस्तीचा तुकडा किंवा महाग साचा करण्यापूर्वीचा नमुना हे या यंत्राचे खरे क्षेत्र आहे.