चौकट : सॅक पाठीवर, मुक्काम घरगुती

सोलापूर गाठले की दोन-तीन दिवसांत मध्ययुगीन गावांची फेरी सहज होते. सगळीकडे एसटी जाते.

सोलापूर : बहामनी काळातला दुहेरी तटाचा भुईकोट किल्ला, लगतच सिद्धेश्वर तलाव.

नळदुर्ग (सुमारे ४५ किमी, धाराशिव जिल्हा) : बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. चांगल्या पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात आणि महालात बसून डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा दिसतो.

माचणूर, मंगळवेढा : माचणूरला भीमाकाठी सिद्धेश्वराचे मंदिर. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात याच परिसरात, ब्रह्मपुरीला होती. पुढे मंगळवेढा हे दामाजीपंत, चोखामेळा, कान्होपात्रा यांचे गाव. इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे.

पंढरपूर : मंगळवेढ्याहून तासाभरात. चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिरासमोर, नामदेव पायरीजवळ.

मुक्काम : यात्रेकरूला घरात उतरवून घेण्याची पंढरपूरची रीत जुनी. आषाढी-कार्तिकीला मात्र घरे, मठ, धर्मशाळा भरलेल्या असतात. आधी बोलून ठेवा. इतरत्र राज्याच्या पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेतली घरे किंवा कृषी पर्यटन केंद्रे शोधा. दर, जेवण आणि ओळखपत्राचे फोनवरच विचारून घ्या.

शिदोरी : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सॅकमध्ये कित्येक दिवस टिकते. भाकरी हाताने चुरायची, वर चटणी-तेल घ्यायचे. सोबत दही मिळाले तर उत्तमच.