शिष्याचे यश आणि वडीलधाऱ्यांचे श्रेय

सुरत म्हटली की मराठी माणसाच्या मनात प्रथम १६६४ साल उभे राहते. त्यानंतर आठवते ते १९०७ चे दुभंगलेले काँग्रेस अधिवेशन. आणि मग जर, कापड व हिरे. खानदेशातील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी या तापीकाठच्या शहरात येऊन उधना-लिंबायतच्या बाजूस स्थायिक झाली आहेत. पण या शहराची आणखी एक ओळख अलीकडे झाली आहे, आणि ती टेबल टेनिसची. हरमीत देसाई हा सुरतेचा; त्याच्याहून सात वर्षांनी लहान असलेला मानव ठक्कर हाही सुरतेतच वाढला. या दोघांना भारतीय संघात लवकर यश मिळाले, तेव्हा एक प्रश्न अनेकांनी केला. हे यश त्यांचे स्वतःचे, की संघातील ज्येष्ठ खेळाडू अचंता शरत कमल याच्या मार्गदर्शनाचे? आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम हकीकत पाहू. एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने नायजेरियाचा ३-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी हरमीत चोवीस वर्षांचा होता आणि शरत पस्तिशीचा. त्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला या खेळातले आपले पहिलेच आशियाई पदक मिळाले. त्या संघात शरत होता, हरमीत होता आणि अवघ्या अठरा वर्षांचा मानवही होता. वडीलधारा खेळाडू संघात आहे आणि तरुण मुले जिंकत आहेत, हे दृश्य पाहिल्यावर मन सहजच एका निष्कर्षाकडे धावते. परंतु दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. कोंबडा आरवला म्हणून उजाडत नाही, हे आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते.

मग कसोटी कोणती लावावी? सर्वांत सोपी कसोटी अशी : कारण हजर असताना परिणाम गैरहजर राहिला असे कधी झाले काय? शरत कमलच्या बाबतीत असे झालेले आहे. २००६ साली मेलबर्न येथे त्याने स्वतः एकेरीचे सुवर्णपदक मिळविले आणि संघालाही सुवर्ण मिळाले. त्यानंतर २०१० साली दिल्लीत आणि २०१४ साली ग्लासगोत तोच शरत, अनुभवाने अधिक पिकलेला, संघात होता. पण सांघिक सुवर्ण हाती आले नाही. ते आले बारा वर्षांनी, हरमीत आणि चेन्नईचा जी. साथियन यांची पिढी तयार झाल्यावर. याचा अर्थ असा की, केवळ ज्येष्ठाच्या उपस्थितीने यश येत नाही. बी कसदार असावे लागते.

हे बी कोठे रुजते, हे खेळाच्या स्वरूपावरूनच कळते. नऊ फूट लांबीचे ते टेबल, सहा इंच उंचीची जाळी आणि तीन ग्रॅमही वजन नसलेला चेंडू. प्रतिस्पर्ध्याने मारलेला फटका आपल्यापर्यंत पोहोचण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाच वेळ लागतो. तेवढ्यात विचार करून हात उचलता येत नाही. हात आधीच शिकलेला असावा लागतो. हे शिक्षण वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून, तोच फटका हजारो वेळा मारून अंगी मुरते. हरमीतच्या हाती बॅट आली ती बालपणी सुरतेतच, घरच्या माणसांच्या नजरेखाली. खुद्द शरतही आपल्या वडिलांच्या आणि काकांच्या हाताखाली तयार झाला. हा पाया घालणारी माणसे पदकाच्या छायाचित्रात दिसत नाहीत, म्हणून त्यांना विसरणे सोपे जाते.

मग ज्येष्ठाचे काम काहीच नाही काय? तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. येथे आपल्या घरचाच एक दाखला आठवतो. १९७१ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. पण त्याआधी काय झाले होते? पहिल्या कसोटीत, किंग्स्टन येथे, बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर खेळलाच नाही. तेथे पाच गडी ७५ धावांत बाद झाले असताना मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची पाळी आली. हा प्रतिपक्ष अजिंक्य नाही, हे त्या खेळीने साऱ्या संघाला दाखविले. गावसकर मैदानात उतरला तेव्हा भीतीचे अर्धे ओझे आधीच उतरलेले होते. फटके मात्र त्याचे स्वतःचे, मुंबईत घोटलेले होते. आणि पुढे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, सरदेसाई संघात असूनही, गावसकरला तीन कसोटींत १४४ धावांवरच समाधान मानावे लागले. ज्येष्ठाची सावली तीच. हवामान आणि खेळपट्टी निराळी!

यावरून ज्येष्ठाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट होते. तो कला देत नाही. कला प्रकट होण्यास लागणारी निर्भयता देतो. सांघिक सामन्यात दोन गेमच्या मध्ये खेळाडूला मिनिटभराची उसंत मिळते. त्या मिनिटात बाकावरून एखादा शब्द येतो, तो फटक्याविषयी क्वचितच असतो. बहुधा तो धीराचा असतो. शिवाय पहिला एकेरी सामना जिंकून देण्याची जबाबदारी ज्येष्ठाने उचलली म्हणजे तरुणाला मोकळ्या मनाने खेळता येते. गोल्ड कोस्टच्या अंतिम सामन्यात शरतने आपली एकेरी जिंकली, साथियनने आपली. आणि विजयाचा अखेरचा गुण हरमीत-साथियन जोडीने दुहेरीत मिळविला.

परंतु मार्गदर्शनाची खरी परीक्षा गुरू हरतो त्या दिवशी होते. २ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथे सिंगापूरविरुद्धच्या अंतिम सामन्यात शरत कमल क्लॅरेन्स च्यूकडून पराभूत झाला. आधार ढासळला, असे वाटावे असा तो क्षण. पण साथियनने पुढचा सामना जिंकला आणि त्यानंतर त्याच च्यूला हरमीतने ११-८, ११-५, ११-६ असे सरळ नमविले. भारताने ३-१ असा विजय मिळविला. ज्येष्ठाला जे साधले नाही ते कनिष्ठाने साधले. माझ्या मते, हरमीतचे यश उसने नव्हते याचा याहून चांगला पुरावा नाही. आणि शरतचे मार्गदर्शन वाया गेले नव्हते याचाही हाच पुरावा आहे. ज्याच्यावाचून शिष्याचे अडत नाही, तोच गुरू सफल झाला.

हा वाद केवळ श्रेयाच्या वाटणीचा नाही. सारे श्रेय ज्येष्ठाला दिले, तर गावोगावच्या लहान सभागृहांत, अपुऱ्या उजेडात मुलांचे हात घडविणारे शिक्षक उपेक्षित राहतात. सारे श्रेय तरुणाला दिले, तर अनुभवी खेळाडूला वयाच्या दाखल्यावरून घरी बसविण्याचा मोह होतो. दोन्ही चुकांची किंमत पुढची पिढी देते.

२०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ सांघिक स्पर्धेस प्रथमच पात्र ठरला. बलाढ्य चीनपुढे तो ०-३ असा हरला खरा. पण त्या सामन्यात दुहेरीसाठी टेबलापाशी उभे होते ते सुरतेचेच हरमीत आणि मानव, आणि संघात तिसरा होता बेचाळीस वर्षांचा शरत. मार्च २०२५ मध्ये चेन्नईत शरतने स्पर्धेच्या खेळाचा निरोप घेतला. बाकावरून धीराचा शब्द देण्याचे काम आता हरमीतच्या वयाच्या खेळाडूंकडे आले. सुरतेच्या एखाद्या सभागृहात आज सात वर्षांचे जे मूल टेबलाच्या कडेवरून कसेबसे पलीकडे पाहत असेल, त्याच्यापर्यंत तो शब्द पोहोचला, तर ऋण फिटले असे म्हणता येईल.